मे महिन्यात नदी, ऑक्टोबरात गावठाण: नाग नदीकाठच्या एका सार्वजनिक विहिरीचे प्रकरण

नागपूर शहर ओलांडून नाग नदी पूर्वेला निघते, वाटेत पिवळी नदीला पोटात घेते आणि पुढे कन्हानला मिळते. शहराच्या सांडपाण्यामुळे ती बारमाही झाली आहे. मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हाही नागच्या पात्रात धार असते. म्हणून काठाजवळची विहीर नळपाणी योजनेला सोयीची वाटते: ती आटत नाही. मात्र न आटण्याचे कारण काय आणि त्याची किंमत काय, हे विहीर खोदताना सहसा कोणी विचारत नाही.

पुढचे गाव नमुन्याचे आहे. खडक, नदी, नियम आणि गणित खरे. विहिरीचे मोजमाप आणि पाण्याचे अहवाल या पट्ट्याला साजेसे, पण गणित मांडण्यासाठी घेतलेले.

लोकसंख्या ४,०००. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने रोजचा उपसा २२० घनमीटर, म्हणजे २ लाख २० हजार लिटर. विहिरीचा व्यास ७ मीटर, खोली १५ मीटर, नदीच्या काठापासून अंतर ९० मीटर. गावठाणाची जवळची कड चढाच्या बाजूला २५० मीटरवर. विहिरीभोवती ३० मीटरपर्यंत उकिरडा नाही, शौचालय नाही, गोठा नाही. स्वच्छता सर्वेक्षणात विहिरीला नाव ठेवायला जागा नाही, तरी पाणी वर्षातून दोनदा बिघडते आणि दोन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने.

एप्रिल-मे मध्ये पाण्याला वास येतो, क्लोराइड वाढते, अमोनिया सापडतो आणि नायट्रेट मात्र कमी असते. जलसुरक्षक (गावाच्या पाण्यात जंतुनाशक टाकणारा कर्मचारी) नेहमीची टीसीएल, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लिचिंग पावडर टाकतो, पण टोकाच्या नळावर ओटी टेस्ट लागत नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरल्याचा पिवळा रंग येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात वास जातो, अमोनिया दिसत नाही, पण नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते आणि पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, निघतात. ग्रामसभेत दोन तट पडतात. एक म्हणतो नदीचे पाणी मुरते, दुसरा म्हणतो शौचालयांच्या खड्ड्यांमुळे होते. दोघेही बरोबर असू शकतात का, आणि कोणत्या महिन्यात कोण किती बरोबर, हे ठरवणे हेच या भूजल-मॉडेलचे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा आणि वेग मांडणाऱ्या संगणकी गणिताचे, काम.

खडक आधी

नागपूर शहर खडकांच्या सांध्यावर बसले आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, उत्तर-ईशान्येला कामठीचा वालुकाश्म, पूर्वेला नाईस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक. त्यामुळे वाडी किंवा हिंगण्याकडच्या अहवालातले पारगम्यतेचे (खडकातून पाणी किती सहज वाहते त्याचे) आकडे उचलून पूर्वेच्या गावाला लावले तर मॉडेल पहिल्या पानावरच चुकते. आपल्या विहिरीत वरून दीड-दोन मीटर काळी माती, मग साधारण १२ मीटरपर्यंत मुरूम, मग साडेपंधरा मीटरपर्यंत भेगाळ नाईस आणि खाली कठीण खडक. पाणी चालते ते मुरूम आणि भेगाळ थरातून. दोन्ही मिळून पारगम्यता दिवसाला ३ मीटर धरली आहे. ती पंपिंग टेस्टमधून, म्हणजे उपसा करून पातळी कशी उतरते ते मोजून, काढायची. मात्र ७ मीटर व्यासाच्या विहिरीत प्रत्येक मीटर उंचीला ३८ घनमीटर पाणी आयते साठलेले असते, त्यामुळे पंप सुरू केल्यावर पहिले काही तास खडक नव्हे, विहिरीचा हौदच रिकामा होत असतो. बोअरसाठी असलेली सरळ रेषेची पद्धत त्या आकड्यांवर लावू नये. पंप बंद केल्यावर पाणी परत चढते, ती चढण मोजलेली बरी.

पहिला हिशोब मॉडेलशिवाय होतो आणि तो आधी करावाच. पाऊस ११०० मिलिमीटर, कमी चिकणमातीच्या मुरमाड नाईससाठी भूजल अंदाज समितीच्या निकषाप्रमाणे मुरण्याचे प्रमाण ११ टक्के. म्हणजे वर्षाला १२१ मिलिमीटर. वर्षाचा उपसा ८०,३०० घनमीटर. एवढे पाणी केवळ पावसातून यायचे तर ६६ हेक्टर जमीन लागते. चिकणमाती जास्त असेल तर प्रमाण ८ टक्के होते आणि जमीन ९१ हेक्टर लागते. ज्या ३० मीटरच्या वर्तुळाची आपण झाडलोट करतो त्याचे क्षेत्रफळ पाव हेक्टरच्या जरासे वर आहे. उरलेल्या जमिनीवर काय चालले आहे, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

१९९३ च्या पेयजल-भूजल कायद्यापासून सार्वजनिक उद्भवाभोवती (पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती) ५०० मीटरचे वर्तुळ प्रशासनाच्या अंगवळणी पडले आहे. त्याचे क्षेत्रफळ ७८ हेक्टर, म्हणजे आकड्याने जवळपास जुळते. पण ते वर्तुळ शेजारच्या नव्या विहिरीने उद्भव आटू नये म्हणून आहे, दूषितासाठी नाही. पाणी चहूबाजूंनी सारखे येत नाही. ते चढावरून पट्ट्याने येते, आणि आपल्या गावात वर्षाच्या काही भागात नदीकडून.

नदी कधी ओढली जाते

विहिरीचे तोंड १०० मीटर मानून बाकी पातळ्या घेऊ. मे मध्ये नदीचे पाणी ९४.२० वर, ऑक्टोबरात ९५.०० वर. पंप रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजलेली विहिरीची स्थिर पातळी मे मध्ये ९४.५६, ऑक्टोबरात ९६.८०. म्हणजे नदीकडचा उतार मे मध्ये हजारी ४ आणि ऑक्टोबरात हजारी २०. पाणी धरणाऱ्या थराची जाडी मे मध्ये १० मीटर, ऑक्टोबरात १२. पारगम्यता, जाडी आणि उतार यांचा गुणाकार केला की रुंदीच्या दर मीटरमागे नदीकडे वाहणारे पाणी मिळते: मे मध्ये रोज ०.१२ घनमीटर, ऑक्टोबरात ०.७२.

इथे पातळ्यांच्या मोजणीबद्दल थांबून सांगायला हवे, कारण सर्वात जास्त मॉडेल इथेच बिघडतात. मे मधला सारा फरक ९० मीटरमध्ये ३६ सेंटिमीटरचा आहे. विहिरीच्या तोंडाची उंची मोबाइलच्या जीपीएसवरून किंवा उपग्रहाच्या उंचीनकाशावरून घेतली तर चूक काही मीटरची असते आणि प्रवाहाची दिशाच उलटी निघू शकते. ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने), नदीच्या पाण्यापासून सलग, सगळ्या निरीक्षण विहिरींची तोंडे एकाच बेंचमार्कला जोडावीत. एका दिवसाचे काम आहे आणि त्याला पर्याय नाही. तसेच शेतातल्या विहिरीची पातळी घेताना रात्री मोटार चालली होती का, हे त्याच ओळीत लिहावे. कृषिपंपाचा वीजपुरवठा पाळीने येत असल्याने शेजारच्या दोन विहिरींच्या एकाच दिवसाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत आणि मग मॉडेल करणारा त्या जुळवण्यासाठी खडकाचे गुणधर्म वाकवत बसतो.

आता मुख्य गणित. विहीर नदीचे पाणी ओढू लागते तो उपसा म्हणजे ३.१४ गुणिले नदीपासूनचे अंतर गुणिले दर मीटरमागचा नैसर्गिक प्रवाह. ऑक्टोबरात तो ९० × ०.७२ × ३.१४, म्हणजे रोज २०४ घनमीटर. आपला उपसा २२०. जेमतेम वर, नदीचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. मे मध्ये तोच उंबरठा ३४ घनमीटरवर येतो. उपसा त्याच्या साडेसहा पट, आणि स्थिर प्रवाहाच्या सूत्राने नदीचा वाटा ५१ टक्के.

ऑक्टोबरात पंप चालू असताना विहिरीतली पातळी सुमारे ९३ वर उतरते, नदीपेक्षा दोन मीटर खाली, तरी नदीचे पाणी जवळजवळ येत नाही. हे पटायला जड जाते. नदी आणि विहीर यांच्या मध्ये भूजलाचा एक उंचवटा टिकून असतो आणि तो टिकला तोवर नदी अडलेली असते. विहिरीची पातळी नदीखाली गेली म्हणजे नदीच आली, हा निष्कर्ष घाईचा. मधल्या जागेत, काठापासून २० आणि ४५ मीटरवर दोन निरीक्षण बोअर घेतले तर उंचवटा आहे की मोडला, ते प्रत्यक्ष दिसते.

सूत्र नदीचा तळ मोकळा धरते. नागच्या तळाशी सांडपाण्याचा काळा गाळ बसतो आणि पाझर अडवतो. मॉडफ्लो या भूजल-मॉडेलच्या संगणक प्रणालीत हे नदीच्या पॅकेजमधून येते: गाळाची पारगम्यता दिवसाला ०.१ मीटर, जाडी अर्धा मीटर, पात्र ८ मीटर रुंद आणि मॉडेलच्या जाळीतले घर १० मीटर लांब असेल तर वाहकता (तळातून पाणी झिरपण्याची क्षमता) १६ चौरस मीटर प्रतिदिन. तेवढा गाळ धरला की मे मधला वाटा निम्म्याच्या खाली येतो. मोठ्या पुराने गाळ खरवडून नेला तर तीच वाहकता कित्येक पट होते आणि नवा गाळ बसेपर्यंत तशीच राहते. म्हणून हा आकडा एकदा ठरवून वर्षभर तोच ठेवू नये.

ताळा क्लोराइडने घ्यावा. नदीत लिटरला १२०, चढावरच्या शेतविहिरींत ४५ आणि सार्वजनिक विहिरीत मे मध्ये ७८ मिलिग्रॅम असेल तर नदीचा वाटा (७८ − ४५) ÷ (१२० − ४५), म्हणजे ४४ टक्के. मॉडेल आणि पाणी एकच गोष्ट सांगत आहेत. नायट्रेट मे मध्ये कमी का, याचेही उत्तर इथेच आहे: सांडपाण्याच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे नत्र अमोनियाच्या रूपात राहते आणि जे थोडे नायट्रेट असते तेही जिवाणू वापरून टाकतात. केवळ नायट्रेटचा अहवाल पाहणाऱ्याला मे मधले पाणी चांगले वाटेल, आणि त्या पाण्यात जवळपास निम्मे नदीचे असेल.

पातळ्या जुळल्या तरी वेळ जुळत नाही

मॉडेल दोन थरांचे, मॉडफ्लो ६ मध्ये, विहिरीजवळ १० मीटरची घरे आणि कडेला ५० मीटरची. पाणलोटाची दुभाजक रेषा ही बंद सीमा, नदी ही नदी-सीमा, पावसाचे मुरणे महिन्यावार. उन्हाळ्यात वरचा थर काही ठिकाणी कोरडा पडतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये कोरडे घर बंद होते आणि पावसाळ्यात पुन्हा ओले करताना गणित हेलकावे खाते, म्हणून कोरडी घरेही गणितात ठेवणारी न्यूटन पद्धत चालू करावी. हे काम कोणत्याही प्रशिक्षित भूजलतज्ज्ञाच्या हातचे आहे. खरी गोम पुढे आहे.

निरीक्षण विहिरींच्या पातळ्या २०-२५ सेंटिमीटरच्या फरकाने जुळल्या की अहवालात ‘मॉडेल प्रमाणित’ असे लिहिले जाते. पातळ्या पारगम्यता, मुरणे आणि उपसा यांवर ठरतात. पाणी किती वेगाने पोचेल हे मात्र प्रभावी सच्छिद्रतेवर, म्हणजे खडकात पाणी प्रत्यक्ष ज्यातून वाहते त्या जागेच्या वाट्यावर, ठरते, आणि स्थिर पातळ्यांच्या समीकरणात ती कुठेच येत नाही. ती चार पटीने चुकली तरी पातळ्या तशाच जुळतात.

मुरमाड नाईसची विशिष्ट जलदेयता (भरलेल्या खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण) निकषांत २ ते ४ टक्के आहे. बरेच जण त्यातलाच आकडा सच्छिद्रता म्हणून टाकतात. तो पाण्याच्या साठ्याचा आकडा आहे. दूषित पाणी मात्र ज्या थोड्या जोडलेल्या भेगांतून धावते त्यांची जागा अर्धा टक्काही असू शकते. २ टक्के धरून ऑक्टोबरात गावठाणाच्या कडेपासून विहिरीपर्यंतचा प्रवास ६० दिवसांचा निघतो. रोगजंतूंसाठी जगभर वापरला जाणारा ५० दिवसांचा दंडक पाळला गेला, विहीर सुरक्षित. अर्धा टक्का धरला तर तेच अंतर १५ दिवसांत कापले जाते. नदीकडून मे मध्ये २ टक्क्यांना १५ ते १७ दिवस, अर्ध्या टक्क्याला ४ दिवस. दोन्ही मॉडेलच्या पातळ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर रेषा एकच दिसेल. गावातल्या लहान मुलांच्या पोटात काय जाते ते ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा पुस्तकातून उचलू नये.

तो मोजता येतो आणि खर्च फार नाही. विहिरीपासून ४० मीटरवर चढाच्या बाजूला एक बोअर, थराच्या तळापर्यंत. २५ किलो मीठ १,००० लिटर पाण्यात विरघळवून सावकाश सोडायचे आणि मागून तेवढेच साधे पाणी, कारण खारे पाणी जड असते आणि बोअरच्या तळाशी बसून राहते. सार्वजनिक विहिरीचा उपसा दिवसरात्र सारख्या दराने चालू ठेवायचा आणि पंपाच्या पाण्याची विद्युतवाहकता दर अर्ध्या तासाला लिहायची. सगळे मीठ एका दिवसात आले तर लिटरला ११४ मिलिग्रॅम वाढ, म्हणजे वाहकतेत सुमारे २०० मायक्रोसिमेन्स. हातातल्या मीटरवर स्वच्छ दिसते आणि पिणाऱ्याला अपाय नाही. जाडी १० मीटर असता २ टक्के सच्छिद्रतेला शिखर साधारण साडेचार दिवसांनी यायला हवे. ते ३० तासांनी आले, तर सच्छिद्रता ०.५५ टक्के. आपल्या प्रकरणात हाच आकडा पुढे धरला आहे. शिखराआधीच काही तासांत एक लहान उठाव दिसला तर एखादी मोठी भेग थेट जोडलेली आहे असे समजावे, आणि त्या दिशेचे सरासरीवर चालणारे मॉडेल मानू नये.

गावठाणाचा हिशोब

मॉडेलमध्ये विहिरीपासून मागे पाण्याच्या कणांचा माग उलटा काढला की ऑक्टोबरचा पट्टा दिसतो: सुमारे ३०० मीटर रुंद, चढावर दुभाजकापर्यंत किलोमीटरभराहून लांब, आणि गावठाणाची नदीकडची कड त्याच्या मधोमध. पट्ट्यात १२० घरे, माणसे ६००. माणशी वर्षाला सुमारे ४ किलो नत्र, त्यातले पाव भूजलात पोचले तर ६०० किलो. नायट्रेटच्या रूपात ते २,६५७ किलो होते आणि ८०,३०० घनमीटरमध्ये विरघळून लिटरला ३३ मिलिग्रॅमची भर टाकते. शेतीच्या युरियामुळे आधीच १५ असेल तर मर्यादा ओलांडली. गावातली बाकीची घरे पट्ट्याबाहेर आहेत. त्यांच्या शौचालयांवर सक्ती करून या विहिरीचे पाणी सुधारणार नाही. मर्यादित पैसा या १२० घरांवर लावावा.

तिथला दोष खोलीचा आहे. खोल खड्डा लवकर भरत नाही म्हणून तीन-तीन मीटर खणतात, आणि पावसाळ्यानंतर पाणी ३ ते ४ मीटरवर असते, म्हणजे मैला थेट पाण्यात. १.२ मीटर खोलीचे दोन खड्डे आळीपाळीने वापरले तर तळ आणि पाणी यांत दोन मीटर मुरूम राहतो. याने जंतू बरेच अडतात. नायट्रेट अडत नाही. त्यासाठी पट्ट्यातले सांडपाणी बंद गटाराने पट्ट्याबाहेर, विहिरीच्या उताराकडे न्यावे लागते. नायट्रेटवर टीसीएल चालत नाही, आणि उकळल्याने पाणी आटून ते उलट वाढते, हे घरोघरी सांगायला हवे.

उपाय मॉडेलवर तपासून

उपसा दिवसाऐवजी रात्री करा, ही सूचना हमखास येते. प्रवास कित्येक दिवसांचा असल्याने वेळेने काही बदलत नाही. रोजचे एकूण पाणी बदलले तरच नदीचा वाटा बदलतो.

दुसरी विहीर घेऊन उपसा निम्मा-निम्मा केला तर जुन्या विहिरीत मे मधला नदीचा वाटा ५१ वरून ३३ टक्क्यांवर येतो. गावाला रोज जाणारे नदीचे पाणी ११३ घनमीटरवरून ३६ वर उतरते. अट एकच: नवी विहीर जुनीच्या बरोबर चढावर नको. तिथे घेतली तर ती वरून येणारा स्वच्छ प्रवाहच खाते, उंबरठा आणखी खाली येतो आणि जुनी विहीर नदीवरच जगू लागते. जागा बाजूला, नदीपासून ३०० मीटर आत आणि गावठाणाच्या पट्ट्याबाहेर हवी.

नवी विहीर होईपर्यंत क्लोरीनचे माप ऋतूप्रमाणे बदलावे. एरवी लिटरला २ मिलिग्रॅम मात्रेला २२० घनमीटरसाठी ४४० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची टीसीएल १.३ किलो. मे मध्ये अमोनियाचे नत्र लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर आधी क्लोरीन त्याच्याशी जोडले जाते आणि मोकळा क्लोरीन उरायला अमोनियाच्या नत्राच्या आठ ते दहा पट मात्रा लागते: सुमारे २.२ किलो क्लोरीन, टीसीएल पावणेसात किलो. जलसुरक्षक कामचुकार नव्हता. माप पाचपट कमी होते. ओटी टेस्टचा पिवळा रंग लगेच आला तर मोकळा क्लोरीन, सावकाश गडद होत गेला तर जोडलेला, हा फरक त्याला दाखवून द्यावा. उघड्या पोत्यातली पावडर ताकद गमावते, तेव्हा मे साठीचे पोते मे मध्येच फोडावे.

ग्रामपंचायतीच्या हाती द्यायचा कागद रंगीत नकाशाचा नसावा. गावनकाशावर दोन पट्टे, मे चा आणि ऑक्टोबरचा, आणि त्यांत येणाऱ्या गट नंबरांची यादी: कुठे खड्डा, कुठे गोठा, कुठे खताचा ढीग, कुठे सोडून दिलेले बोअर. सोडलेले बोअर आधी बुजवावे, कारण त्यातून घाण मुरमाला वळसा घालून थेट भेगेत उतरते. मॉडेल पुन्हा चालवायचे ते रोजचा उपसा २५० घनमीटरवर गेला, पट्ट्यात नवी सिंचन विहीर झाली किंवा पुराने पात्र खरवडले तर. त्यासाठी काठावरच्या दोन बोअरांची पातळी दर सोमवारी पहाटे, पंप सुरू होण्याआधी, लिहून ठेवावी.